बिनआकड्यांची पट्टी आणि द्वारकाकाकूंचं घर

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी पट्टी आहे. हातभर लांब, दोन बोटं रुंद आणि रंगानं काळी कुळकुळीत. तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर असतात तसे माझ्या अंगावर आकडे नाहीत बरं का! इंच नाहीत, सेंटिमीटर नाहीत, काही म्हणता काही नाही. मला हातात घेणारा प्रत्येक जण आधी उलटीपालटी करून बघतो आणि विचारतो, "अरेच्चा, हिचे आकडे कुठे गेले?" कुठे जाणार? कधी नव्हतेच! किती लांब आणि किती रुंद, ते मला विचारू नका. मला एकच गोष्ट येते, सरळ असणं. मी नाकासमोर चालणारी आहे आणि बोलतेही तशीच.

माझा जन्म दिल्लीचा, पहाडगंजमधला. तिथे एका सरदारजी मिस्त्रींचं दुकान होतं. कुणाचा तरी शिसवी पलंग मोडून त्याचं कपाट करायचं काम चाललं होतं, त्यातली एक फळी उरली. त्याच दिवशी विश्वनाथ नावाचे एक तरुण ड्राफ्ट्समन दुकानात आले. ड्राफ्ट्समन म्हणजे कागदावर नकाशे काढणारा माणूस. दिल्लीत नवी नोकरी लागलेली, आणि हवी होती मनासारखी पट्टी. मिस्त्रीजींनी मला रंधा मारला, एक डोळा मिटून माझ्या धारेवरून नजर फिरवली, पुन्हा रंधा मारला. विश्वनाथ काही कमी नव्हते. त्यांनी मला कागदावर ठेवून एक रेघ ओढली, मग मला पलटून त्याच जागी दुसरी ओढली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या. पट्टी जराशी जरी वाकडी असती तर मधे फट दिसली असती. इथे फट नव्हती.

"बाबूजी, नंबर भी खोद दूँ?" मिस्त्रीजींनी विचारलं.

"नहीं जी, नंबरवाली बहुत हैं. मुझे तो बस सीधी चाहिए," विश्वनाथ म्हणाले.

त्या एका वाक्यानं माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू! जाता जाता मिस्त्रीजींनी माझ्या टोकाला एक भोकही पाडून दिलं, खिळ्याला टांगायला. पण विश्वनाथ मला रोज मखमलीच्या फडक्यात गुंडाळून खणात ठेवायचे. त्यामुळे ते भोक बरीच वर्षं रिकामंच राहिलं.

नंतरची वर्षं कामात गेली. दिल्ली नुसती पसरत होती. आज शेत आहे तिथे उद्या रस्ता, परवा वसाहत. ते सगळं आधी कागदावर माझ्या कडेनं उतरायचं. ऑफिसात कुणाची रेघ डगमगली की आरोळी यायची, "विश्वनाथजी की पट्टी मँगवाओ!" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

घरी मात्र माझा तोरा चालायचा नाही. करोल बागेतल्या दोन खोल्यांत विश्वनाथ, त्यांची बायको कुमुद आणि मुलगी संपदा राहायचे. एका दिवाळीत कुमुदताईंनी मला चक्क शंकरपाळी कापायला घेतलं! विश्वनाथ ओरडले, "अगं, ती ऑफिसची आहे!" तर कुमुदताई म्हणाल्या, "असू दे. बघा तरी, किती एकसारखी झालीत!" तुपाचा वास माझ्या अंगाला पुढे महिनाभर येत होता. नकाशांनाही येत असणार.

संपदा लहान असताना, अंगण नसल्यामुळे गच्चीवर तळ्यात-मळ्यात खेळायची. तुम्हाला माहीतच आहे हा खेळ. खडूनं एक मोठा गोल काढायचा. गोलाच्या आत तळं, बाहेर मळा. राज्य असलेला ओरडतो तशी बाकीच्यांनी आत किंवा बाहेर उडी मारायची. "बाबा, मळा म्हणजे काय हो?" तिनं एकदा विचारलं. दिल्लीतच वाढलेली पोर, असे शब्द तिला कुठून माहीत असणार? "भाजीपाल्याचं शेत गं," बाबा म्हणाले.

मग एका रविवारी बाबांनी या खेळात माझ्यासाठीही जागा केली. त्यांनी कागदावर एक तळं काढलं. पण कसलं तळं! इकडे फाटा, तिकडे खाच, मधेच आत वळलेलं टोक. त्या गुंत्यात त्यांनी एक ठिपका ठेवला आणि विचारलं, "ही मुंगी आहे. सांग बघू, तळ्यात की मळ्यात?"

संपदानं नाक कागदाला लावलं. तळ्याच्या काठावरून बोट फिरवलं, पण कुठे आत आणि कुठे बाहेर तेच कळेना. रडकुंडीला आली.

"डोळ्यांनी नाही कळायचं," बाबा म्हणाले. "पट्टी आण." त्यांनी माझं एक टोक मुंगीपाशी ठेवलं. दुसरं टोक तळ्याच्या पार बाहेर गेलं. "आता बाहेरच्या टोकाकडून बोट आण. तिथे आपण नक्की बाहेर आहोत, म्हणजे मळ्यात. काठाची रेघ ओलांडलीस की उडी मारायची, तळ्यात! पुन्हा ओलांडलीस की मळ्यात. मुंगीपाशी पोचताना तोंडात जो शब्द असेल, तिथे मुंगी."

संपदाचं बोट माझ्या धारेवरून सरकायला लागलं. "मळ्यात... तळ्यात... मळ्यात... तळ्यात!" आणि मुंगी आली. "बाबा, तळ्यात!" ती टाळ्या पिटत ओरडली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या सरळपणाचा खरा उपयोग कळला. तळं कितीही वाकडं असो, आपण सरळ राहिलो की उत्तर मिळतं.

खेळात आणखी एक नियम होता. कधी कधी माझी धार तळ्याच्या बरोबर एखाद्या कोपऱ्यावर यायची. तिथे काठ एकदा ओलांडला, दोनदा ओलांडला की नुसताच शिवला, काही कळायचं नाही. मग बाबा ओरडायचे, "रेघेवर पाय! डाव मोडला!" माझं मुंगीजवळचं टोक तसंच ठेवून ते दुसरं टोक थोडं फिरवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. गच्चीवर मात्र हा नियम कुणी पाळत नसे. तिथे संपदाच्या पंजाबी मैत्रिणी होत्या, खेळाचं नाव अंदर-बाहर झालं होतं, आणि रेघेवर पाय पडला तरी सगळ्या म्हणायच्या, "चलता है यार!"

दिवस गेले. विश्वनाथ रिटायर झाले. नव्वद सालानंतर तर दिल्लीचं वारंच बदललं. घरोघरी नवे टीव्ही, रस्त्यावर नव्या गाड्या, यमुनेपलीकडे नोएडात काचेची ऑफिसं. संपदा कंप्यूटर शिकली आणि तिथल्याच एका खासगी नकाशा कंपनीत लागली. रोज सकाळी ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसनं जायची. आता नकाशे कंप्यूटरच्या पोटात जायचे. माझं काय काम? करोल बागेतल्या खिडकीत कूलर बसवला होता, त्याच्या वरची झडप सारखी आपटायची. कुमुदताईंनी ती उघडी ठेवायला मला आडवं अडकवलं. अंगावर धूळ बसली, कबुतरांनी बसून जे करायचं ते केलं. वाईट वाटलं का? वाटलं की! पण खिडकीतून गल्ली दिसायची, कूलरची गार हवा लागायची, आणि संध्याकाळी घरातल्या गप्पा ऐकू यायच्या. तसं माझं बरं चाललं होतं.

एका उन्हाळ्यातल्या रविवारी मारुतराव आणि द्वारकाकाकू आले. ही मंडळी साताऱ्याकडची. मारुतराव फौजेत सुभेदार होते, शेवटची नोकरी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये झाली. कुमुदताईंची आणि काकूंची ओळख हळदीकुंकवातली. काकूंचा सगळा संसार सरकारी क्वार्टरमध्ये झालेला. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायची परवानगी नसते. देवाची तसबीरसुद्धा आयुष्यभर फळीवर टेकवून ठेवावी लागली. म्हणून रिटायर झाल्यावर पालमच्या पलीकडच्या एका खेड्यात त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि काकूंनी पहिलं काम काय केलं असेल? हातोडी घेतली आणि खिळे ठोकत सुटल्या! तसबिरींना खिळे, कॅलेंडरला खिळा, सुपाला, चाळणीला, मारुतरावांच्या टोपीला. हे त्या दर भेटीत हसून सांगायच्या. त्या दिवशी त्या हसत नव्हत्या.

"चहा टाकते हं काकू," संपदा म्हणाली.

"नको गं. घशाखाली उतरायचा नाही."

मारुतराव खुर्चीत ताठ बसले होते, पण आवाज बसला होता. "विश्वनाथराव, परवा दोन पोरं आली आणि आमच्या भिंतीवर लाल फुली मारून गेली. म्हणाली, अंकल, आपका मकान लाल डोरे के बाहर आ रहा है. आठ दिवसांत रिकामं करा म्हणतात. तिथून नव्या वसाहतीचा रस्ता जाणार आहे."

मित्रांनो, लाल डोरा म्हणजे दिल्लीकडच्या गावठाणाची हद्द. या हद्दीच्या आतली घरं तशीच राहणार होती, बाहेरची पडणार होती. आणि त्या गावची हद्द म्हणजे पोळी लाटायला शिकणाऱ्या मुलीची पहिली पोळी! कुठे फुगलेली, कुठे चिरलेली. मारुतरावांचं घर अशाच एका फुगवट्यात होतं.

"मी त्यांना म्हटलं, नीट बघा," मारुतराव सांगत होते. "तर म्हणाले, हमने नहीं, कंप्यूटर ने बताया है. आता कंप्यूटरशी कोण भांडणार?"

"कुठल्या कंपनीची होती ती मुलं?" संपदानं विचारलं. मारुतरावांनी नाव सांगितलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका, ती आमचीच कंपनी. कुठलं घर आत आणि कुठलं बाहेर, ते ठरवणारा प्रोग्रॅम मीच लिहिलाय."

  मला तर वाटलं, आता काकू ताडकन उठून जातील. पण त्या संपदाच्या जवळ सरकल्या. "तू लिहिलास? मग बाळा, तूच पूस ना ती फुली."

"तशी नाही पुसता येत, काकू. घर खरंच बाहेर असलं तर..."

"असलं तर असलं. मी रडणार नाही," काकू म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून आले. "पण आमच्या घराकडे कुणी माणसानं एकदा तरी बघितलंय का? एवढंच सांग."

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ऑफिसातून त्या गावच्या नकाशाची मोठी गुंडाळी घेऊन आली. मारुतराव आणि काकूही आले. नकाशा जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. "पट्टी कुठंय?" विश्वनाथांनी विचारलं. कुमुदताईंनी मला खिडकीतून ओढून काढलं, झडप धाडकन आपटली, आणि त्यांनी मला पदरानं खसाखसा पुसलं. इतक्या वर्षांनी कागद! अंगावर शहारा आला हो.

"प्रोग्रॅम कसा बघतो?" विश्वनाथांनी विचारलं.

"तुमचाच खेळ आहे, बाबा. घरापासून सरळ आडवी रेघ नकाशाच्या बाहेरपर्यंत नेतो आणि हद्द किती वेळा ओलांडली ते मोजतो. मी त्याचं नावसुद्धा 'तळ्यात' ठेवलंय." संपदानं मला काकूंच्या घराच्या ठिपक्यापासून आडवं ठेवलं. बाहेरच्या टोकाला बोट ठेवलं आणि आत सरकवायला लागली. "मळ्यात... तळ्यात... मळ्यात... तळ्यात, मळ्यात. आलं घर. बघा ना, मळ्यात. बाहेरच."

काकूंनी मारुतरावांचा हात धरला.   

"थांब, थांब," विश्वनाथ पुढे वाकले. "शेवटी एकाच जागी दोन शब्द कसे म्हणालीस?"

"तिथे हद्दीच्या दोन रेघा आहेत ना. एक वरून आली, एक खालून. दोन्ही पट्टीला लागतात, म्हणून दोन."

"आणि त्या दोन रेघा कुठे भेटतात?"

संपदानं निरखून बघितलं. गावच्या विहिरीजवळ हद्दीचा एक दगड होता, तिथे हद्दीचा कोपरा होता. माझी धार बरोबर त्या कोपऱ्यावरून जात होती. संपदाचं बोट तिथेच थांबलं. तिनं बाबांकडे बघितलं, आणि अगदी लहान मुलीच्या आवाजात म्हणाली, "रेघेवर पाय."

"मग?"

"डाव मोडला." तिनं कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, मी हा नियम लिहिलाच नाही! साफ विसरले!"

"होतं असं," विश्वनाथ हसले. "गच्चीवरचं 'चलता है' तुझ्या कंप्यूटरमध्ये शिरलं. चल, पट्टी फिरव."

संपदानं माझं घराजवळचं टोक तसंच ठेवलं आणि दुसरं टोक थोडं वर केलं. आता मी कोपऱ्याला शिवत नव्हते.  "मळ्यात... तळ्यात... मळ्यात... तळ्यात." बोट घराला टेकलं. मग तिनं मला पार उलट्या दिशेला ठेवून मोजलं. पुन्हा तळ्यात! मग उभी ठेवून. तळ्यातच!

"तळ्यात, काकू! तळ्यात!"

काकू गोंधळल्या. "अगं, तळ्यात म्हणजे बुडालो की वाचलो?"

"वाचलात! आत आहात तुम्ही, चांगल्या आत!"

मारुतरावांनी डोळ्यांना रुमाल लावला. काकूंनी नकाशावरच्या त्या ठिपक्यावरून हलकेच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कुमुदताई, आता टाका चहा."

पण नुसतं घरात बसून 'तळ्यात' म्हटल्यानं भिंतीवरची फुली कुठे पुसली जाते? दुसऱ्या दिवशी संपदानं मला पिशवीत घातलं आणि मी जन्मात पहिल्यांदा चार्टर्ड बसनं यमुना ओलांडली. तिचे वरचे साहेब ग्रोव्हर. माणूस वाईट नव्हता, पण घाईतला होता. "संपदा, रिपोर्ट जा चुकी है," ते म्हणाले. "अब गलती मानेंगे तो कंपनी की नाक कट जाएगी."

"सर, नाक बचाएँगे तो लोगों के घर जाएँगे," संपदा म्हणाली.  तिनं नकाशा टेबलावर पसरला आणि मला त्यांच्या हातात दिलं. "आप खुद देख लीजिए."

साहेबांनी मला उलटीपालटी करून बघितलं. "इसमें नंबर कहाँ हैं?" घ्या! यांनाही तोच प्रश्न! पण मग त्यांनी स्वतः मला ठेवलं, मोजलं, फिरवलं, पुन्हा मोजलं. दुसरं एक घर बघितलं. मग हळूच "अरे यार..." म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला. मला तो माणूस तिथे आवडला.

संपदानं प्रोग्रॅममध्ये बाबांचा नियम घातला. रेघ कोपऱ्यावर आली तर ती जरा फिरवायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. कंपनीनं मोजलेली सगळी गावं नव्यानं तपासली. आणखी काही घरांवरच्या फुल्या पुसल्या गेल्या. एका ठेकेदाराचं गोदाम आत समजलं होतं, ते मात्र बाहेर निघालं. तो फार चिडला म्हणे. त्याचंही वाईट वाटलं, पण सरळपणा माणसं बघून बदलता येत नाही.

मुदत संपायच्या आत त्या दोन मुलांनीच येऊन काकूंच्या भिंतीवर पांढरा हात मारला. काकूंनी त्यांना आधी चार शब्द सुनावले आणि मग पोहे खायला घातले.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे तिकडे गेलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा! जेवणं झाली. काकू पदराला हात पुसत विश्वनाथांसमोर आल्या. "भाऊजी, एक मागू? ही पट्टी मला द्या."

विश्वनाथांच्या चेहऱ्यावर क्षणभर चलबिचल झाली. इतक्या वर्षांची सोबत होती हो! त्यांनी माझ्या धारेवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, "द्यायलाच हवी. तिचं काम आता संपदाचा प्रोग्रॅम करतो. खिडकीत पडून राहण्यापेक्षा इथे बरी."

ज्या भिंतीवर बाहेरून फुली होती, त्याच भिंतीवर आतून काकूंनी एक नवा खिळा ठोकला. मिस्त्रीजींनी पाडलेल्या त्या भोकात पहिल्यांदा खिळा गेला, आणि मी टांगली गेले.

आज मी तिथेच आहे, मित्रांनो. एका बाजूला सूप, दुसऱ्या बाजूला मारुतरावांची टोपी. समोरच्या रस्त्यावरून नव्या वसाहतीच्या गाड्या पळतात. रस्ता घराला वळसा घालून गेलाय. काकू दर शुक्रवारी मला ओल्या फडक्यानं पुसतात आणि दिवाळीत शंकरपाळीला खाली काढतात. तक्रार करायला जागाच नाही. तुपाचा वास तर आता मला आवडायलाच लागलाय.

एकच मागणं आहे तुमच्याकडे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, नकाशे कराल, प्रोग्रॅम लिहाल, कोण आत आणि कोण बाहेर ते ठरवाल. जुन्या वस्तू जपा हे तर मी सांगणारच, पट्टीच आहे मी! पण त्याहून जास्त हे जपा. कुणालाही बाहेर म्हणण्याआधी पट्टी जरा फिरवून पुन्हा पहिल्यापासून मोजा. कागदावर तो नुसता ठिपका दिसतो. पण त्या ठिपक्यात कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या भिंतीत खिळा ठोकलेला असतो.